नव्या बटनातला जंग

लाइनमामांच्या घरात रोज संध्याकाळी कंदील लागायचा. आणि अकोल्याच्या आमच्या गल्लीतल्या अर्ध्या घरांची वीज त्यांनीच जोडलेली होती!

कुणी विचारलं, "मामा, तुमच्या घरी काहून घेत नाही लाइन?" की म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरची लाइन बरी. आपल्या घरची रुसते."

विजेला ते लाइन म्हणत, आणि लाइन त्यांच्या लेखी बाईमाणूस होती. दिवा लागला की ती 'आली', फ्यूज उडाला की ती 'कोपली'. अजूनही घरात अंधार झाला की माझ्या तोंडी आधी "कोपली वाटतं" हेच येतं.

त्यांचं खरं नाव नामदेवराव. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालता घालता तारांचं काम बघून शिकलेले. देवधर्माचं मात्र वावडं. सासूबाई दसऱ्याला पाट्यावरवंट्याला हळदकुंकू लावत, तेव्हा हे हसत. "दगडाले काय समजते, वयनी? देव काही मले दिसला नाही. लाइन झटका देते, तिले मानतो मी."

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळचा चहा आमच्याकडे. पण चहासाठी म्हणून कधी आले नाहीत. "होल्डर पाहाचा होता," म्हणत येत. होल्डरला काही झालेलं नसे.

माझ्या पहिल्या मुलीला घेऊन मी माहेरून, अमरावतीहून आले तो वैशाख होता. पोरीचं अंग घामोळ्यांनी लालेलाल. ह्यांनी पंखा आणला. मामांनी तो छताला टांगला आणि त्याच बटनावर एक बल्बही जोडला. "जोडा आहे. संगंच चालंन," म्हणाले.

बटन दाबलं. पंखा ढिम्म. बल्बही ढिम्म.

मामांनी आधी आम्हा सगळ्यांना लाकडी पाटांवर बसवलं. उघड्या जमिनीला पाय लागला की लाइन अंगातून जाते, असा त्यांचा नियम. शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "काहो, भर दुपारी पंगत बसली का?"

मामांनी बल्ब दुसऱ्या खोलीत लावून पाहिला, लागला. फ्यूज काढून पाहिला, धड होता. पातं हाताने फिरवलं, मोकळं होतं. मग भिंतीला कान लावून म्हणाले, "येऊन तर राहिली. पन तिच्या मनात नाही."

"तिच्या मनात येईलोक माही नात शिजून जाईन!" सासूबाई कडाडल्या. "सांजलोक चालू नाही झाला, तर बजारातला मिस्त्री बोलावीन, भाऊजी. मंग आमच्या तारेले हात लावाचं काम नाही तुमाले."

तारेला हात लावायचा नाही म्हणजे आमच्या घरी यायला मामांना निमित्तच उरणार नव्हतं. ते मला कळत होतं, पण बोलणार कशी? लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. चहाचा कप ठेवायचा, पदर सावरायचा आणि आत जायचं.

उघडायचं राहिलं होतं ते फक्त बटन. मामा त्याच्याकडे वळेचनात. शेवटी फ्यूज काढून ठेवला आणि पेचकसाने बटनाचं झाकण काढलं. माझा पाट अगदी जवळ होता. मी पाहिलं. आत पितळेच्या पट्टीवर तेलात कालवलेलं कुंकू थापलं होतं, त्यात तांदळाचा एक दाणा. पट्टी टेकणार कशी?

मामांनी घाईने वर तळवा ठेवला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "तिच्या करंड्यातलं आहे. कुंकू लावल्याबिगर नवी वस्तू वापरू देत नव्हती. गल्लीत लाइन आली, तवा ती नव्हती. माया घरी कोनासाठी घेऊ?" पोरीकडे पाहिलं. "म्हटलं, इथं लावावं."

"काय निघालं हो भाऊजी?" सासूबाईंनी पलीकडून विचारलं.

मामांनी तळवा आणखी घट्ट दाबला.

"जंग," मी म्हणाले.

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली.

"जंग? नव्या बटनाले?" सासूबाई म्हणाल्या.

"दुकानात पडून असंल, आत्याबाई. पट्टी गंजून लाल लाल झाली होती."

मामांनी धोतराच्या सोग्याने पट्टी पुसली, फ्यूज बसवला, बटन दाबलं. बल्ब लागला. पंखा एकदा कण्हला आणि फिरायला लागला. पोरीचं जावळ उडू लागलं. सासूबाई पाटावरून उठायचं विसरून डोळे मिटून बसून राहिल्या.

"आली," मामा म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "पंखा पाहाचा होता" म्हणत हजर. बटनाच्या झाकणावर, बाहेरून, मी सकाळीच कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी चहा ठेवला, पदर सावरला आणि आत वळले.

"सूनबाई," मागून आवाज आला, "जंग मोठा साजरा दिसून राहिला."