महाबळेश्वर, सुलतानपूरमार्गे

भर वैशाखात, दुपारच्या उन्हात, स्वेटर आणि कानटोपी घालून स्टँडवर लावलेल्या फटफटीवर बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या दुसरबीडचे वामननाना. भाजीपाल्याच्या मळ्याचे मालक, माझे शेजारी आणि माझ्या उन्हाळी सुट्टीचे वैरी.

“थंडीचा सराव करून राह्यलो, मास्तर,” ते म्हणत. “तुम्हीबी घाला.”

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. महाबळेश्वर आता आपलंच, तर ते पाहायलाच हवं, असं नानांनी ठरवून टाकलं. जायचं फटफटीवर, मागे मी. उन्हाळ्यात शाळामास्तराइतका रिकामा माणूस गावात दुसरा नसतो, हे त्यांचं ठाम मत. महिनाभर त्यांनी माझं डोकं खाल्लं. सडकेवर थांबलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला ते घाटातली वळणं विचारत आणि दिसेल ती वस्तू सामानात बांधत. दोरखंड घेतला, कंदील घेतला, वरवंटा त्यांच्या बायकोने, काकूंनी, वेळीच हिसकावून घेतला. काही विचारलं की उत्तर एकच: “घाटात कामी येते.”

हट्टी तर असे की विचारू नका. एकुलती लेक इंदू सुलतानपूरला दिलेली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची चाल. बाकीचे बाप कुणाच्या तरी लग्नाचं निमित्त काढून डोकावून येत. इंदूची कूस अजून उजवली नव्हती आणि नाना त्या गावाचं नावही काढत नसत.

निघालो त्या दिवशी आम्हा दोघांच्या मध्ये वांग्यांची टोपली. महाबळेश्वरला वांगी कशाला, हे मी विचारलंच नाही. उत्तर पाठ झालं होतं. देठांचे काटे पोटाला टोचत होते, मलाही घालायला लावलेल्या स्वेटरातून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि नानांनी फटफटी जालन्याकडे घालायची सोडून उलट मेहकरच्या रस्त्याला लावली. महाबळेश्वर पाठीमागे राहिलं, हे मी ओरडून सांगितलं. इकडचा रस्ता सपाट आहे, आधी हात बसू दे, म्हणाले. मी त्यांच्या नावाने बोटं मोडली.

सुलतानपुरात एका घरासमोर फटफटी थांबली. दारात इंदू उभी होती. नाना उतरले, पण ओट्यापासून चार हात लांबच राहिले.

“इंजन गरम झालं,” ते फटफटीकडे पाहत म्हणाले. “पाणी दे बाई. मले नाही, फटफटीले.”

फटफटीत पाणी घालायला जागाच नसते. मला ठाऊक, नानांना ठाऊक, आणि इंदूच्या चेहऱ्यावरून तिलाही ठाऊक होतं. ती आत जाऊन भरलेली कळशी आणि तांब्या घेऊन आली. नाना तांब्यातांब्याने चाकांवर पाणी ओतू लागले. इतकं सावकाश त्यांनी मळ्यातल्या रोपांनाही कधी घातलं नसेल.

कळशी संपली. इंदूने हळूच विचारलं, “अजून आणू, नाना?”

“आण. लई तहानलेली हाय.”

दुसरी कळशीही चिखलात गेली. मग ओझं फार होतंय म्हणत त्यांनी वांग्यांची टोपली ओट्यावर ठेवली, फटफटीला किक मारली आणि तोंड सरळ दुसरबीडकडे वळवलं. महाबळेश्वराचं काय, असं मी चिडून विचारलं.

गावाबाहेर एका बाभळीखाली त्यांनी फटफटी थांबवली आणि कानटोपी काढली.

“मास्तर, माह्यानं तं वर पाहवलं नाही. तुम्ही पाह्यलं ना तिच्याकडं? वाळली का ते?”

महिनाभर साठवलेला राग तोंडाशी आला होता, तो कुठल्या कुठे गेला. नाही नाना, छान आहे इंदू, मी म्हणालो.

“मंग चला घरी,” ते म्हणाले, आणि किती तरी वेळ त्यांना फटफटी सुरू करता येईना.