टाचणी चिकटली पाहिजे

चष्मेवाल्याच्या वडिलांची दोन दारांची गाडी पंचेचाळीस वर्षांची झाली होती आणि पावसात ती बाहेरच्यापेक्षा आतून जास्त भिजत असे. दोन्ही दारांचे रबर आधी वाळले, मग तुटले, मग नाहीसेच झाले. चष्मेवाल्याची थोरली बहीण अक्का मागच्या सीटवर छत्री उघडून बसे. येणारे-जाणारे टकामका बघत. पण अक्का कुणाला भीक घालणाऱ्यातली नव्हती. "बाबा असते तर तुझे कान उपटले असते," एवढेच ती छत्रीखालून म्हणे. ते चष्मेवाल्याला फार लागे, कारण बाबांनी जाताना घर अक्काला दिले होते, चष्म्यांचे दुकान त्याला, आणि गाडी मात्र दोघांच्या हवाली केली होती.

अशात जुन्या वाहनांच्या कचेरीतून नोटीस आली. चाळीस वर्षांवरील वाहन यापुढे एक तर 'वारसा' असेल, नाहीतर 'भंगार'. मधली कोणतीही अवस्था कचेरीला मान्य नव्हती. वारसा ठरण्यासाठी दारांचे रबर अस्सल, म्हणजे मूळ कारखान्याचे असावे व तीस दिवसांत तपासून घ्यावे. अन्यथा एकतिसाव्या दिवशी गाडी यंत्रात दाबून तिचा ठोकळा करण्यात येईल आणि तो मालकाने स्वखर्चाने उचलून न्यावा.

चष्मेवाला जुन्या गाड्यांच्या मंडळात गेला. मंडळाचे अध्यक्ष पांढरे हातमोजे घालून स्वतःची गाडी पुसत होते. मूळ कारखाना तर कधीच बंद पडला होता. परदेशात एक गृहस्थ अजून त्याच साच्यातून रबर काढून देतो, असे अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी दरपत्रक पुढे केले. चष्मेवाल्याने आधी चष्मा पुसला आणि मग आकडा पुन्हा वाचला. तेवढ्या पैशांत दोन चालत्या गाड्या आल्या असत्या, रबरासकट.

"वारशाला किंमत नसते," अध्यक्ष म्हणाले.

"मग हे काय लिहिलंय?"

"ती रबराची."

परतताना नाक्यावर फ्रीज दुरुस्त करणारा फ्रीजवाला भेटला. सगळे ऐकून तो म्हणाला, "फ्रीजच्या दाराचं रबर बसवून देतो की. तासाभराचं काम."

"बाबांच्या गाडीला फ्रीजचं रबर?" चष्मेवाला कडाडला आणि तरातरा निघून गेला. फ्रीजवाला नुसता हसला.

पुढचे बावीस दिवस चष्मेवाल्याने गावातली भंगाराची दुकाने पालथी घातली. तेविसाव्या दिवशी एका भंगारवाल्याकडे गंजका पत्र्याचा डबा सापडला. आत शंखजिऱ्याच्या पावडरीत घोळवलेली दोन रबरे होती, काळीभोर, लोण्यासारखी मऊ, आणि वर बंद पडलेल्या कारखान्याचा शिक्का.

भंगारवाल्याने डबा हातभर लांब धरला. "काय लिहिलंय हो यावर? मला जवळचं दिसत नाही."

"काही विशेष नाही," चष्मेवाला म्हणाला. "असंच कसलंतरी रबर. याच्या बदल्यात मी तुम्हाला वाचायचा चष्मा करून देतो."

सौदा झाला. रबर त्याच दिवशी घरी आले आणि चष्मा मात्र चार दिवसांनी पोचता झाला, कारण डब्यावरचा शिक्का भंगारवाल्याने वाचणे कुणाच्याच हिताचे नव्हते. सचोटी सोडायची नाही, हे बाबांचे वाक्य चष्मेवाल्याच्या दुकानात चौकट करून लावलेले आहे.

रबर बसवून त्याने गाडीवर दहा बादल्या पाणी ओतले. आत अक्का मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसली होती. एक थेंब आला नाही. तिने दार उघडून पुन्हा लावले, पुन्हा उघडले. "बाबा लावायचे तेव्हा अस्साच आवाज यायचा रे," ती म्हणाली, आणि जी कधी रडत नसे ती पदराला डोळे पुसू लागली.

सत्ताविसाव्या दिवशी कचेरीतले तपासणी साहेब गाडीजवळ आले. त्यांनी पाणी ओतले नाही, शिक्का पाहिला नाही. खिशातून एक टाचणी काढून रबराला लावली. टाचणी खाली पडली.

"नकली," साहेब म्हणाले.

"अहो, कारखान्याचा शिक्का आहे त्यावर!"

"शिक्का कुणीही मारतो. टाचणी खोटं बोलत नाही." त्यांनी काचेच्या पेटीतून प्रमाणित नमुना आणवला. रबराचा एक पांढुरका तुकडा होता तो. टाचणी त्याला टपकन चिकटली. "बघा. अस्सल माल लोखंड ओढून घेतो. नियमात कलमच आहे."

"नमुना कुणी दिला?"

"मंडळाच्या अध्यक्षांनी. स्वतःच्या गाडीचा तुकडा कापून दिला हो! केवढा त्याग!"

"मला दाद मागायची आहे."

"जरूर. समितीकडे अर्ज करा. सहा महिन्यांत सुनावणी होते. समितीचे प्रमुखही तेच आहेत."

गाडीचा ठोकळा व्हायला चार दिवस उरले होते. चष्मेवाला मान खाली घालून फ्रीजवाल्याकडे गेला.

"चिकटणारच टाचणी," फ्रीजवाला म्हणाला. "फ्रीजच्या रबरात चुंबकाची पट्टी असते. अध्यक्षांची गाडी मीच केली. मग मंडळातल्या बाकी एकवीस जणांच्या केल्या."

"मग कचेरीत सांगत का नाही?"

"मला कुणी विचारलं? आणि आता तुम्हाला द्यायला रबर नाही. सगळं वारशात गेलं."

शेवटी एका दाराला चष्मेवाल्याच्या फ्रीजचे रबर लागले आणि दुसऱ्याला अक्काच्या. अक्का दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. तिसाव्या दिवशी टाचणी चिकटली आणि 'शंभर टक्के मूळ' असे प्रमाणपत्र काचेवर डकवले गेले. उघड्या पडलेल्या फ्रीजना बाबांच्या गाडीचे अस्सल रबर कापून जोडले आणि चुंबकाऐवजी दारांना कड्या लावल्या. तेव्हापासून दोन्ही फ्रीज झकास बंद होतात, दूध नासत नाही, आणि गाडीत अक्का छत्री उघडून बसते.

गेल्या महिन्यात मंडळाचे प्रदर्शन भरले. त्या गर्दीत तुम्हीही होतात. चष्मेवाल्याच्या गाडीचे दार तुम्ही दोनदा लावून पाहिलेत आणि मान डोलावून म्हणालात, "वा! हल्ली असा माल बनतच नाही."

अक्काला राहवले नाही. "अहो, ते आमच्या फ्रीजचं आहे," तिने तुम्हाला अगदी स्वच्छ शब्दांत सांगितले. "खरं हवं असेल तर घरी या, दाखवते."

तुम्ही तिच्याकडे दयेने पाहिलेत, आणि खिशातून टाचणी काढलीत.