गायधनी मुरायला बसले

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्या ब्रुअरीत बिअर आधी माणसाची चव घेते, आणि माणूस पसंत पडला तरच त्याला प्यायला मिळते.

मनोहर गायधनींना हे माहीत होतं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी त्रेसष्ट वर्षांत बिअरला तोंड लावलं नव्हतं. लेकीने, शाल्मलीने, बँकेतली नोकरी सोडून ज्वारीची बिअर करायला घेतली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणंही टाकलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. त्या रविवारी सकाळी मात्र ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि म्हणाले, "एक लहान ग्लास."

शाल्मलीने ग्लास भरून पुढे केला. "बाबा, करंगळी बुडवा. हलवू नका."

त्यांनी बुडवली. फेस हळूहळू खाली बसला. बिअरने सावकाश चव घेतली आणि म्हणाली, "कच्चे आहेत. मुरायला हवेत. अकरा दिवस."

"याच्यावर अपील करता येतं का?" गायधनींनी विचारलं.

"येतं," बिअर म्हणाली. "मुरल्यावर."

नियम सगळ्यांना सारखाच होता. मागच्या थंड खोलीत, टाक्यांच्या रांगेत, त्यांना खुर्ची मिळाली. शाल्मली सकाळ-संध्याकाळ टाक्यांचं तापमान पाही, तसंच त्यांचंही पाही.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ही टाकी सारखी बुडबुडते."

"आंबतेय ती, बाबा. गप्प झाली तर काळजी करायची."

सातव्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं, "तू घर सोडून गेल्यावर तुझ्या खोलीला मी कुलूप घातलं. चुकलंच माझं."

शाल्मलीने थंड खोलीचं तापमान एक अंशाने वाढवलं.

अकराव्या दिवशी बिअरने करंगळी पुन्हा चाखली. "चालतील," ती म्हणाली.

पहिल्या घोटाला गायधनींचं तोंड वाकडं झालं. दुसरा त्यांनी जिभेवर जरा घोळवला. "कडू आहे गं. पण मागून तव्यावरच्या भाकरीचा वास येतो." ग्लास त्यांनी लेकीकडे सरकवला. "तूही घे की."

शाल्मलीने हात पुसले. "मी कधी घेतलीच नाही, बाबा. करंगळी बुडवायचा धीर झाला नाही. स्वतः केलेली बिअर नाही म्हणाली, तर कुठे जायचं?"

"बुडव. मी आहे इथे."

या वेळी बिअरने फार वेळ घेतला. समोरची दोन टेबलं उठून गेली.

"एक महिना," ती शेवटी म्हणाली. "हिच्यात धास्ती फार आहे."

शाल्मलीने मान हलवली, किल्ल्या बापाच्या हातात दिल्या आणि आत जाऊन बसली. गायधनींनी तिला पांघरूण नेऊन दिलं, तिचा एप्रन गळ्यात अडकवला आणि दारातून विचारलं, "आज ज्वारी किती भिजवायची?"

"अर्धं पोतं," ती म्हणाली. "आणि नीट निवडून घ्या."