कोपरा उलटणारे येमूल

येमूल आमच्या घरी आले की आधी पाणी मागत नाहीत. दिवाणावरच्या चादरीचा कोपरा उलटतात, चष्मा कपाळावर चढवून नक्षी नाकाशी धरतात आणि "छे, ही न्हाई" म्हणत सोडून देतात. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा बायकोला वाटलं, हा माणूस ढेकूण शोधतोय. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जणू मीच त्यांना तपासणीला धाडलं होतं.

सोलापुरात जनावरांच्या रोगांची आमची एक लहानशी प्रयोगशाळा आहे आणि दुर्दैवाने येमूलांचं टेबल माझ्या टेबलाला लागून आहे. आजारी गायीच्या अंगावरची खपली आमच्याकडे येते. तिच्यातल्या विषाणूचा जीनोम, म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ, वाचून काढायची आणि दुसऱ्या गायीतल्या विषाणूच्या माळेशी ताडून पाहायची. विषाणू स्वतःच्या नकला काढताना कुठेतरी चुकतो आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. दोन विषाणूंत त्याच चुका सापडल्या तर घराणं एक. एवढंच काम, पण येमूलांनी ते लोकांच्या संसारात घुसवलं. "सारखेपणा काय बघता सर? चूक बघा की, चूक!" हे त्यांचं पालुपद. एकदा आमच्याकडे जेवताना म्हणाले, "वहिनींनी शेंगाचटणी आईकडून उचललीय. दोघींचं मीठ सारखंच जास्त पडतंय." समोर सासूबाई वाढत होत्या.

गेल्या हिवाळ्यात करकंबच्या कमलबाई आल्या. मंगळवेढ्याच्या बाजारातून त्यांनी एक गाय आणली, पाठोपाठ गावातल्या जनावरांत लंपी, म्हणजे अंगभर गाठी आणणारा रोग, पसरला आणि सगळं खापर बाईंवर फुटलं. डेअरीने त्यांचं दूध घेणं बंद केलं, शेजारणी बोलेनाशा झाल्या. अहवाल बाईंच्या विरोधात गेला असता तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्या रोज एसटीने यायच्या आणि व्हरांड्यात बसून राहायच्या.

मी बाईंच्या गायीचे आणि गावातल्या जनावरांचे नमुने लावून पाहिले. जवळजवळ सगळं जुळत होतं. वरून साहेबांचे फोन चालू होते. मी 'एकच विषाणू' असं लिहून मोकळा होणार, तेवढ्यात येमूलांनी माझा माउसच काढून घेतला.

"जुळतंय ते सगळ्यांचंच जुळतंय. चुका शेजारी ठेवा की!"

मी ओरडलो, साहेबांना सांगेन म्हणालो. येमूलांनी चहासुद्धा घेतला नाही. सगळं पुन्हा लावायला लावलं आणि संध्याकाळी बोट ठेवून दाखवलं. गावातल्या सगळ्या जनावरांच्या विषाणूत त्याच काही चुका होत्या. बाईंच्या गायीत त्यातली एकही नव्हती. तिची चूक तिसरीच, आणि ती गावात कुठे नव्हती.

"म्हंजी माज्या गायीनं न्हाय आणलं?" बाईंनी विचारलं.

"न्हाई अक्का. चादर सारखी, माग वेगळा."

पण नुसत्या कागदावर गाव कसं विश्वास ठेवणार? म्हणून येमूल दोन चादरी काखोटीला मारून करकंबला निघाले, आणि बरोबर मला ओढलं. ग्रामपंचायतीत चादरी पसरून ते सुरू झाले. "मागाला नक्षी सांगणाऱ्या पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं राहिलं, की त्या मागावरच्या हरेक चादरीत तेच फूल बिघडणार. ह्या दोन चादरींत चुका वेगळ्या, म्हणून माग वेगळे. तुमच्या गायींचा रोग आणि अक्काच्या गायीचा रोग, तसंच हाय." मला वाटलं, आता हाकलून देणार. पण डेअरीचा चेअरमन पुढे झाला, दोन्ही कोपरे चाचपले आणि म्हणाला, "व्हय की! उद्यापास्नं दूध घाला, कमलाक्का."

बाई आम्हाला गोठ्यात घेऊन गेल्या. गायीला अजून कणकण होती, म्हणून पाठीवर एक जुनी, विरलेली चादर टाकलेली. येमूलांनी सवयीने कोपरा उलटला. मी कपाळावर हात मारला. पण नेहमीचं "छे" काही आलं नाही. फुलाला एक पाकळी कमी होती.

"आमच्या वडलांचा, नानांचा माग," ते म्हणाले. "विकायलाच विणायचे. घरात एकसुद्धा राहिली न्हाई. नाना गेले, माग भंगारात गेला." त्यांच्या घरी आता दुसरं कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं हा माणूस लोकांच्या दिवाणांवर काय शोधतोय, हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

"घिऊन जावा की भाऊ," बाई म्हणाल्या.

"नको. गायीला थंडी वाजतीय." त्यांनी कोपरा नीट केला आणि चादर गायीच्या मानेपर्यंत ओढली.

परवा, करकंबनंतर पहिल्यांदाच, ते आमच्या घरी आले, सरळ दिवाणावर बसले आणि पाणी मागितलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मला ते काही सहन होईना. त्यांच्या मांडीखालचा कोपरा मीच ओढून काढला आणि ओरडलो, "अहो, नानांच्या आणखीही असतील की! बघून तरी घ्या!"