साडेसातचा एल्क

ऑर्विल स्टेगमनने फेब्रुवारीतच स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोलोराडोच्या डोंगरांचा नकाशा पसरला आणि एका तळ्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

"बारा ऑक्टोबर. सकाळी साडेसात. एल्क इथे पाणी प्यायला येणार."

"त्याला कळवलंस का?" बायकोने, डोलोरेसने विचारलं.

ऑर्विलने गोल आणखी ठळक केला. सहा वर्षं सोडतीत नाव घातल्यावर यंदा कुठे त्याला नर एल्कच्या शिकारीचा परवाना लागला होता. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरण, आणि ते राहणार डोंगरात. ऑर्विलने जन्मभर शिकार केली ती नेब्रास्कातल्या मक्याच्या सपाट शेतांच्या कडेला बसून. हरण पडलं की गाडी थेट त्याच्याजवळ न्यायची. गावातली सर्वांत उंच जागा म्हणजे धान्याची कोठी.

आठ महिने त्याने अभ्यास केला. जेवताना एल्कच्या लेंड्यांचे फोटो बघायचा. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना साडेसातची वेळ सांगून झाली. मेहुणा लॉनी सोबत येणार होता. त्याने एकदाच नकाशात डोकावून विचारलं, "दाजी, ह्या तपकिरी रेषा एवढ्या दाट कसल्या?"

"उंचीच्या. त्या असतातच. मोटेलपासून दोन मैल, पाऊण तासात पोचू."

बारा तारखेला सहाला निघालेले दोघे तळ्यावर पोचले अकराला. शेवटचा अर्धा मैल ऑर्विल झाडांना मिठ्या मारत चढला. चिखलात परातीएवढे खूर उमटले होते. हातमोजा काढून त्याने लेंडी चाचपली. अजून ओली होती.

"बघ, आला होता. माझा हिशेब बरोबर होता."

"हो दाजी. आपणच नव्हतो."

दुसऱ्या दिवशी चारला निघून नऊला पोचले. एल्क पुन्हा येऊन गेला होता. सोबत आलेली डोलोरेस मोटेलात विणत बसली होती. ती म्हणाली, "त्याला थोडं उशिरा बोलव ना." ऑर्विलच्या मनाला ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी त्याने लॉनीला घेऊन दुपारीच डोंगर चढून तळ्याकाठी तंबू ठोकला.

आणि सकाळी साडेसातला एल्क आला. डोक्यावर झाडच उगवल्यासारखी शिंगं, नाकातून वाफ, अंतर चाळीस पावलं. ऑर्विलचे डोळे भरून आले. त्याने बंदूक खांद्याला लावली.

"दाजी," लॉनी कानाशी कुजबुजला, "खाली कसा न्यायचा?"

"काय?"

"सगळं मांस न्यायलाच लागतं, कायदा आहे. इथे गाडी येत नाही. पाठीवर वाहायचं म्हटलं तर दोघांच्या चार-चार फेऱ्या. शिंगं वेगळी."

ऑर्विलने एल्ककडे पाहिलं. मग उताराकडे. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. आठ महिन्यांच्या अभ्यासात गोळी सुटल्यानंतरचं एक पानही नव्हतं. त्याने पुन्हा नेम धरला, मनात एकदा खाली जाऊन वर आला, आणि दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावरच त्याने बंदूक खाली घेतली.

दुपारी लंगडत तो मोटेलात शिरला.

"दिसला?" डोलोरेसने विणकाम बाजूला ठेवलं.

"दिसला."

"मग?"

ऑर्विल बुटाची नाडी सोडायला वाकला.

"जरा जड वाटला," तो म्हणाला.