कोंडाबाईच्या बरणीतल्या माश्या

सिद्रामसारखा माश्या ओळखणारा माणूस साऱ्या बेळगावात दुसरा नव्हता, असं खुद्द सिद्रामचंच म्हणणं होतं! कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा आणि पिकल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटाएवढ्या फळमाश्यांवर पीएच.डी. करायचा. त्याच्याकडे अगदी सख्ख्या बहिणींसारख्या दोन जाती होत्या. नर ओळखायला सोपे, एकाचं बूड काळं, दुसऱ्याचं फिकट. माद्या मात्र दोन्हीकडच्या हुबेहूब. त्या कशा ओळखायच्या यावर पठ्ठ्यानं बावीस पानांचं प्रकरण लिहिलं होतं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली, तसा तो दुधाच्या आठ बाटल्यांत माश्या भरून, त्या मांडीवर घेऊन एसटीनं निपाणीला घरी आला. दोन्ही जाती वेगळ्या राखल्यात का, ते बघायला महिनाअखेरीस धारवाडचे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर येणार होते. भेसळ निघाली तर दोन वर्षांचं काम पाण्यात, आणि तात्पुरती नोकरीही गेलीच म्हणायची.

दुसऱ्याच दिवशी सिद्राम आंघोळीला गेला आणि दूधवाला रवळू रिकाम्या बाटल्या मागायला आला. सिद्रामची आई कोंडाबाई बघते, तर घरात दुधाच्याच आठ बाटल्या, त्यात आंबलेला गूळ-रवा आणि माश्या! पण लेकाच्या माश्या म्हणजे लेकाचा जीव. तिनं सगळ्या माश्या लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत झटकल्या, वर फडकं बांधलं आणि बाटल्या घासून देऊन टाकल्या.

"एकबी उडू दिली न्हाय बघ," लेक बाहेर आल्यावर ती कौतुकानं म्हणाली.

सिद्रामनं ओल्या अंगानंच बरणी उचलली, तर काळे, फिकट सगळे एकत्र! पुढचे दोन दिवस तो आपली बावीस पानं पुढ्यात ठेवून भिंगानं माद्या निवडत होता. सकाळी काळ्यांच्या ठरलेल्या माद्या संध्याकाळी फिकट्यांच्या निघायच्या. तिसऱ्या दिवशी गडी चक्क रडला.

कोंडाबाई सूप मांडीवर आणि बरणी पुढ्यात घेऊन बिड्या वळत होती. हात पानावर, डोळे बरणीत. जरा वेळानं तिनं लेकाला जवळ बोलावलं. एक काळा नर पंख थरथरवत एका मादीभोवती घिरट्या घालत होता. मादीनं त्याला सरळ लाथ घातली आणि चालू लागली. मग फिकटा आला. त्यानंही पंख थरथरवला, आणि ती थांबली.

"तू कशापायी वळखत बसलाईस?" कोंडाबाई म्हणाली. "तिला ठावं हाय की."

सिद्राम बघतच राहिला. तिळाएवढा जीव, त्याचं डोकं ते केवढं! आणि नुसत्या पंखाच्या थरथरीवरून आपला कोण, परका कोण, हे त्याला कळतं! मग मायलेकांनी काम वाटून घेतलं. जोडी जमली की आई बोट दाखवायची, लेक ती नळीनं अलगद ओढून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालायचा. चार दिवसांत एक्केचाळीस जोड्या झाल्या.

सर आले तोवर पोरंबाळं उडायला लागली होती. सरांनी एकेक बाटली तपासली. मादी चुकली असती तर लेकांचं बूड ते सांगतंच; पण काळ्यांचे लेक सगळे काळे, फिकट्यांचे सगळे फिकट. एक्केचाळीसांत एकही मादी चुकली नव्हती. एवढ्या बिनचूक माद्या ओळखल्या कशा, असं सरांनी विचारलं. सिद्रामनं आईकडे पाहिलं.

"आमी कुठं वळखल्या, सायेब?" बिड्या वळता वळता कोंडाबाई म्हणाली. "आमी निस्तं बघत ऱ्हायलो. त्यांचं त्यांनीच निवडलं."

सर भिंग ठेवून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, हे असंच्या असं प्रबंधात लिहा. आणि हो, माद्या ओळखण्यावर तुम्ही एक मोठं प्रकरण लिहिलंय म्हणे, ते जरा दाखवा.

"ते अजून लिहायचंय, सर," सिद्राम म्हणाला, आणि बावीस पानं त्यानं हळूच आईच्या सुपाखाली सरकवली.