दाराखालची फट आणि सासऱ्यांची बॅग

घरातल्या किरकोळ दुरुस्तीसाठी माणूस बोलावणं मला कमीपणाचं वाटतं. बायकोच्या मते मी हात लावल्यावरच माणूस बोलावायची वेळ येते, पण तिच्याकडे सध्या लक्ष देऊ नका.

सासरे छातीच्या मोठ्या दुखण्यातून उठून आमच्याकडे आले होते. त्यांनी कायमचं राहावं अशी बायकोची इच्छा, आणि तिच्याहून जास्त माझी. माझे वडील लवकर गेले. लग्नानंतर मला ‘जेवलात का’ विचारणारा बाप पुन्हा मिळाला होता.

रस्त्याच्या गोंगाटामुळे आमच्या खिडक्या कायम बंद असतात. माळ्यावरचं एक यंत्र झोपायच्या खोल्यांत ताजी हवा सोडतं आणि स्वयंपाकघर-बाथरूममधून जुनी हवा ओढून घेतं. मधल्या प्रवासात ती दाराखालून जाते, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

सासऱ्यांच्या दाराखाली बोटभर फट पाहून मला सुताराची कीव आली. मिक्सरचा आवाज, मुलांची भांडणं, सगळं त्यातून आत. माणसाला विश्रांती कशी मिळणार? ते फिरायला गेल्यावर मी दाराला खालून, वरून, बाजूंनी रबरी पट्टी चिकटवली. दार असं चपखल बसलं की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली!

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांचा चेहरा उतरला. दुपारी आडवे व्हायला जात आणि लगेच बाहेर येत.

“झोप लागत नाही का, बाबा?”

“नाही नाही. तुमचं चालू द्या.”

ते दार उघडं ठेवू लागले. मी अदबीने लावून घेई. ते उघडत, मी पुन्हा लावी. शेवटी त्यांनी बॅग भरायला घेतली.

“तू बाबांना काय बोललास?” बायको रडवेली झाली होती.

“मी? मी तर त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जातो.”

मी आत गेलो, दार लावलं आणि त्यांच्यासमोर बसलो. “बाबा, माझं काय चुकलं?”

त्यांनी शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. “माझी अडचण होत असेल तर तोंडावर सांगायचं. मी दार लावलं की बाहेर उभं राहून शीळ घालायची, हे बरं नाही.”

मी काही बोलणार, तोच शीळ वाजली. बारीक आणि लांबलचक.

सासऱ्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग दाराकडे. “तुम्ही तर इथे आहात.”

मी किल्लीच्या भोकावर बोट ठेवलं. शीळ थांबली. बोट काढलं, सुरू. खोलीतल्या हवेला बाहेर पडायला मी तेवढंच भोक शिल्लक ठेवलं होतं.

“ही पट्टी कशासाठी लावलीत?”

“तुम्हाला शांत झोप लागावी म्हणून.”

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग जमिनीवर फतकल मारून आम्ही दोघांनी ती पट्टी सोलून काढली, आणि बायकोने बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. त्या भोकाचा मी जन्मभर ऋणी आहे. ते नेमकं तेव्हा वाजलं नसतं तर बाबा मनात गैरसमज घेऊनच निघून गेले असते.

आता दुपारी त्यांचं घोरणं फटीतून घरभर येतं. मुलं कानावर उशा घेतात. मध्येच ते थांबलं की मात्र माझा जीव खालीवर होतो. मी हातातलं काम टाकून जातो, गुडघे टेकतो आणि फटीला कान लावतो.

आतून आवाज येतो, “जावईबापू, जिवंत आहे मी. चहा टाका.”